तीन घागरींचा मंत्र

मोठ्या मंत्रांची मला कधीच भीती वाटली नाही. मेलेल्याला उठवून बसवणारा, अख्खा डोंगर उचलून दुसरीकडे ठेवणारा मंत्र खेळाडूच्या हाती यायला दोन-तीन वर्षं जातात. तोवर कुणाचं लग्न ठरतं, कुणाची बदली होते आणि खेळ आपोआप मोडतो. खरी डोकेदुखी पहिल्या लेव्हलच्या मंत्रांची. ते पहिल्याच दिवशी मिळतात आणि रोज वापरले जातात. एखादा जरी जरुरीपेक्षा जास्त कामाचा निघाला, तर मी महिनाभर खपून रचलेली गोष्ट तो अर्ध्या तासात चहाबरोबर पिऊन टाकतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तीन-चार माणसं टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, कुणी तलवारबाज, कुणी चोर, कुणी पुजारी. एक जण गोष्ट चालवतो; गुहा, राक्षस, गावकरी, सगळं त्याच्याकडे. तुम्ही काय करणार ते तुम्ही सांगायचं, ते जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. आमच्यात गोष्ट चालवायची ती मी. मला सगळे मास्तरीण म्हणायचे आणि त्यात कौतुक कमी आणि दहशत जास्त होती. नियमाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

लातूरला इंजिनिअरिंगला असताना आम्हाला हा नाद लागला. मी नांदेडची, शिकून परत नांदेडला नोकरीला लागले, पण खेळ लातूरलाच राहिला. महिन्यातले दोन रविवार मी पहाटेची एसटी धरून लोहा, अहमदपूर करत लातूर गाठायची. लोह्याला आमचा तलवारबाज चढायचा. तो वीज कंपनीत होता आणि बसमध्ये खिडकीसाठी माझ्याशी भांडायचा. लातुरात वर्गमित्राचं कापडाचं दुकान, त्याच्या वरच्या खोलीत आम्ही दुपारभर खेळायचो. त्याची धाकटी बहीण फार्मसी कॉलेजात शिकवायची आणि आमच्यात चोर होती. तो स्वतः पुजारी. पुस्तकातल्या पुजाऱ्याला त्यानं पहिल्याच दिवशी लिंगायतांचा जंगम करून टाकलं, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. मी हरकत घेतली नाही. त्याच्या घरात दुसऱ्या तऱ्हेचा पुजारी कुणी पाहिलाच नव्हता.

ही गोष्ट सोळा सालच्या उन्हाळ्यातली. लातूरचे नळ कधीच बंद झाले होते, बोअर फुफाटा ओकत होते, रेल्वेनं पाणी येत होतं आणि गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी उगवायचा. नांदेडला गोदावरीच्या जिवावर नळ चार दिवसांआड का होईना, वाजत होता. लातूरला कुणाकडे जायचं तर त्या वर्षी पेढे-बिढे कुणी नेत नव्हतं, पाण्याचा कॅन न्यायचे. मी एका हातात कॅन आणि दुसऱ्या हातात फाशांची पिशवी घेऊन चढले की कंडक्टर कॅनकडेच बघायचा.

त्याच वर्षी उदगीरचा नवा जिल्हा होणार, अशी बोलवा पुन्हा उठली होती. उदगीर म्हणजे या बहीण-भावांचं आजोळ. त्यामुळे वरच्या खोलीत जिल्हा जवळजवळ होऊनच गेला होता, फक्त कलेक्टर यायचे राहिले होते. मला गंमत सुचली. मी माझ्या खेळातलं राज्यही तोडलं आणि नवा जिल्हा काढला. बरोबर हद्दीवर एक गाव ठेवलं. गाव जुन्या जिल्ह्यातून निघालेलं, नव्यात अजून पोचलेलं नाही, म्हणून तिथल्या आटलेल्या विहिरीला कुणी वाली नाही. विहिरीपलीकडे गुहा, गुहेत राक्षस. राक्षसावर मी दोन आठवडे घालवले होते.

पण माझ्या नजरेतून एक मंत्र सुटला. पुजाऱ्याला पहिल्याच लेव्हलला पाणी निर्माण करायचा मंत्र मिळतो. पुस्तकातली परदेशी मापं आपल्यात आणली तर तीन घागरी भरतील एवढं पाणी. इतकी वर्षं तो कुणी वापरला नव्हता. बाणाला आग लावायचा मंत्र सोडून पाणी कोण काढतो?

"तीन घागरी?" कापडवाला म्हणाला. "रोज?"

"रोज दोनदा म्हणता येतो," मी म्हणाले.

"म्हणजे सहा. आन् हा पयल्या लेव्हलचा मंत्र हाय?"

तलवारबाज खो खो हसला. "लिहिणाऱ्याच्या घरी नळ असंल बाबा चोवीस तास. हितं हा नवव्या लेव्हलचा झाला असता."

मग वीस मिनिटं त्यावरच वाद. आगीचा बाण कोणत्या लेव्हलचा, मेलेला उठवणं कोणत्या, आणि लातुरात चैत्रात कोणता मंत्र जास्त किमती. चोरबाई म्हणाल्या की मेलेला उठवला तर तोही पाणीच मागणार. मला हसू येत होतं, पण मी घड्याळ बघत होते. राक्षस गुहेत ताटकळत होता.

गुहेत कुणी गेलंच नाही. पुजाऱ्यानं विहिरीवर बैठक मारली, मंत्र म्हटला आणि वही मागितली. खरी वही, रेघांची. गावातल्या घरांची यादी केली, घरात माणसं किती ते विचारलं, माणशी एक घागर ठरवली, आज यांचा नंबर, उद्या त्यांचा. चोराला दोरी धरून लाईन लावायला उभं केलं, तलवारबाजाला भांडणं सोडवायला. प्रत्येक गावकऱ्याचा आवाज मलाच काढायचा होता, तेव्हा मी दुपारभर बावीस घरांच्या वतीनं भांडले. तो मात्र इतका रंगला होता की चहा गार झाला तरी त्याला पत्ता नाही. एका झोपडीत बाळंतीण आहे असं मी उगाच रंग भरायला सांगितलं. त्यानं तिला एक घागर जास्तीची लिहिली.

पुढच्या खेपेलाही तेच. माझं डोकं सटकलं. खेळ सांभाळायचा तर हा मंत्र छाटायला हवा हे उघड होतं. तिसऱ्या खेपेला मी बसमध्येच नियम लिहून आणला, तीन घागरींची एक घागर, दिवसातून एकदा. पण नुसता नियम लादणं मला आवडत नाही, तो गोष्टीतून यावा लागतो. म्हणून मी गावच्या पाटलाला उभं केलं आणि खास पाटलाच्या आवाजात पुजाऱ्याला म्हणाले, "महाराज, तुमी आपल्याच मानसायला जास्ती पानी देऊन राहिलात. आमाला दिसत न्हाई व्हय? देव कोपला आता, मंत्र आटला तुमचा."

मला वाटलं तो पाटलाशी भांडेल. त्यानं वही मिटली, पेन्सिल त्यावर ठेवली. "हाव, बरोबर हाय पाटलाचं," म्हणाला, आणि जिना उतरून दुकानात गेला. आम्हाला वाटलं चहा सांगायला गेला असेल. तो वर आलाच नाही.

दोन दिवसांनी त्याच्या बहिणीचा फोन आला. गल्लीतल्या टँकरची यादी वर्षभर तिचा भाऊच ठेवत होता, हे मला माहीत नव्हतं. पन्नास घरं, माणशी एक घागर. मागच्या टँकरला त्यानं कोपऱ्यावरच्या घरी एक घागर जास्त दिली, कारण घरात बाळंतीण. आणि मी पाटील झाले त्याच रविवारी सकाळी, माझी बस शहरात शिरत असताना, गल्लीतल्या चौघांनी दुकानासमोर उभं राहून त्याला सुनावलं होतं की आपल्याच माणसांना जास्त पाणी देतोस.

"ताई, तुमी जे बोललाव ना पाटील होऊन, अगदी तेच बोलले ते," ती म्हणाली. "दादा म्हनतोय, यादी बी सोडतो आन् खेळ बी सोडतो. एकच जागा होती म्हनला, जितं वाटताना कुनी बोट दाखवत नव्हतं."

मी फोन ठेवला आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली. वीस वर्षांचा असल्यापासून हा माझा मित्र. हॉस्टेलची मेस बंद पडली तेव्हा त्याच्या आईनं आम्हाला महिनाभर जेवू घातलेलं. आणि मी त्याला एका कागदी पाटलापायी घालवून बसले होते. पाण्याचा मंत्र त्याला जिंकायला नको होता, वाटायला हवा होता, हे नळ असलेल्या गावात बसून मला सुचलं नव्हतं, एवढंच.

मी त्या आठवड्यात दोन कॅन घेऊन गेले, राक्षस आणि फासे घरी ठेवून. पोचले तेव्हा गल्लीत टँकर लागलेला. यादी सोडतो म्हणणारा माणूस यादी घेऊनच उभा होता, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार झालं नव्हतं, बोट दाखवणारे चौघे तर नाहीच. मी भिंतीच्या सावलीत उभी राहून बघत होते. नाव घ्यायचा, घागर भरायची, टिक करायचा. सगळ्यात शेवटी त्यानं स्वतःच्या घरच्या घागरी पुढे सरकवल्या. पाइपातून थोडं आलं, मग नुसती हवा. चारपैकी दीड घागर भरली. त्यानं यादीवर आपल्या नावापुढे टिक केली.

घरात गेल्यावर त्यानं मला आधी पाणी दिलं, तांब्याभर, गुळाच्या खड्याबरोबर. मी ते प्यायले. नाही म्हटलं असतं तर त्याला अजून लागलं असतं.

"पाटलाचं चुकलं," मी म्हणाले. "माझं चुकलं. मला माहीत नव्हतं."

"तुला कसं म्हाईत असंल," तो म्हणाला.  मग म्हणाला, "पण नियम बी चुकलाय तुझा. पानी कमी करून बॅलन्स हुतंय व्हय? पानी कमी केलं की भांडनं वाढत्यात. बॅलन्स करायचा तर एवढंच लिव्ह की मंत्र म्हननारा शेवटी भरंल."

इतकी वर्षं मी मंत्र छाटत आलेय, पण इतका चोख नियम मला कधी सुचला नव्हता. मी तिथंच दुकानाच्या बिलबुकाच्या पाठीवर लिहून घेतला. लाईनीत माणसं असतील तेवढं पाणी निघेल. म्हणणारा शेवटी भरेल, त्याच्या वाट्याला किती उरलं ते फासा सांगेल. काहीच उरलं नाही तर दुसऱ्या दिवशी तो तहानलेला, प्रत्येक फेकीत दोन वजा. बघायला गेलं तर पुस्तकातल्या मंत्रापेक्षा दहापट मोठा, आणि तरी कुणी उगाच वापरणार नाही.

"येशील का रविवारी?" मी विचारलं.

"बघतो," म्हणाला. त्याच्या 'बघतो'चा अर्थ दहातल्या नऊ वेळा नाही असाच असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या रविवारी जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या तेव्हा आम्ही तिघंही फाशांकडे बघत बसलो होतो. तो बसला, वही उघडली आणि मंत्र म्हटला. बावीस घरं एकेक करून भरली. मी एकाही गावकऱ्याला भांडू दिलं नाही, पाटलाला तर तोंडच उघडू दिलं नाही. मग त्याची स्वतःची पाळी आली. त्यानं फासा उचलला. तेवढ्यात मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणाले, "थांब. लाईन संपली नाही. गुहेतून कुणीतरी बाहेर येतंय. दोन माणसांएवढं उंच, शिंगं आहेत. डोक्यावर रिकामी घागर आहे."

"राक्षस!" तलवारबाज ओरडला. चार खेपा तो याच क्षणाची वाट बघत होता. "काढू का तलवार?"

"म्यानात ठिव," पुजारी म्हणाला. "लाईनीत तलवार चालत न्हाई." त्यानं फासा खाली ठेवला, पेन्सिल घेतली आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "घरात मानसं किती?"

राक्षसाला मी माझाच आवाज दिला. "सात जण आहोत," मी म्हणाले. "आणि आत बाळंतीण आहे."

 त्याची बहीण दोरी धरल्यासारखे हात करून बसली होती, ती तशीच राहिली. त्यानं वहीत सात लिहिलं, जरा वेळ त्याकडे बघितलं, मग ते खोडून आठ लिहिलं.