रंगवलेल्या पट्ट्या

बुलढाण्याच्या त्या कारखान्यात ऑइल इंजिनच्या पिना बनत, आणि लेथवरचा गुलजार प्रत्येक पीन मापाच्या कड्यात सरकवून तपासत असे. फोरमन हिंमतरावांना ते बघवत नसे. पुण्याला जाऊन कुठलासा कारखाना बाहेरूनच पाहून आल्यापासून त्यांना माणसाच्या हातांचा तिटकारा आला होता. अर्थात दुसऱ्यांच्या. स्वतःचे ते खिशातून काढतच नसत.

वर्षभर त्यांनी भिंतीवर खडूने आराखडे काढले. यंत्र आपोआप मापं तपासणार. दोन लोखंडी पट्ट्या उतरत्या लावायच्या, मधली फट खाली रुंद होत जाणारी. बारीक पीन वरच पहिल्या पेटीत पडेल, बरोबर मापाची मधल्या, जाड शेवटच्या. कल्पना चांगली होती, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही. कारखान्याचे अध्यक्ष पंजाबराव यांच्यासमोर यंत्र चाललं की मॅनेजरची खुर्ची आपलीच, हे धरून त्यांनी खंडेनवमीचा मुहूर्त काढला.

आदल्या दिवशी या शहाण्याने यंत्राला, पट्ट्यांच्या आतल्या कडांसकट, तांबड्या ऑइलपेंटचे दोन हात मारून घेतले. पूजेच्या सकाळी चाचणी घेतली, तर गुलजारच्या चांगल्या पिना सगळ्या जाडच्या पेटीत. हिंमतरावांनी त्याला चारचौघांत झाडलं. त्याने पिना कड्यातून सरकवून दाखवल्या, रंगाने फट अरुंद झालीय, आतला रंग खरवडू म्हणाला.

“पाहुने येऊन राह्यले आन् तू रंग खरवडतं? पिना बारीक कर.”

“मंग इंजिनात ढिल्या होतीन, साहेब.”

“इंजिन येऊन राह्यलं का आज? पाहुने येऊन राह्यले.”

पिना घासल्या गेल्या. नारळ फुटला, पिना टपाटप मधल्या पेटीत पडल्या, पंजाबरावांनी टाळ्या वाजवल्या. खुर्ची मिळाली, आणि त्याच पिना बाजारात गेल्या.

दिवाळीनंतर धाड गावाकडच्या मळ्यांतली इंजिनं ढिल्या पिनांनी खडखडू लागली. शेतकऱ्यांनी पिना आणून टेबलावर आपटल्या. एव्हाना रोजच्या घसटीने पट्ट्यांचा आतला रंग उडून गेला होता. मॅनेजरसाहेबांनी मोठ्या ऐटीत त्या पिना सगळ्यांदेखत यंत्रावर सोडल्या. यंत्राने भीडभाड न ठेवता एकूणएक पीन बारीकच्या पेटीत टाकली.

लाज असलेल्या माणसाने मान खाली घातली असती. हिंमतराव गुलजारकडे वळले.

“मशीन बिघडली,” ते म्हणाले. “उद्या तिले पुन्हा रंग मार.”