पावलांची नाणी

माणसाचं एकही पाऊल वाया जात नाही. हे वाक्य मी बराच काळ गंभीरपणे ऐकत होतो, कारण धानोऱ्यातला माझा व्यापारी मित्र ते डोळे मिटून म्हणायचा. त्याला ते एका मोबाइल ॲपने सांगितलं होतं. चालाल तितकी नाणी, असं ते ॲप होतं. नाणी म्हणजे क्रिप्टो. हातात न येणारी, पण पुढे बाजारात येऊन भाव मिळणारी.

मित्राचा धंदा मोहफूल, हिरडा, चारोळी विकत घेण्याचा. चालणं म्हणाल तर दुकानापासून मशिदीपर्यंत. म्हणून त्याने जुना फोन आधी शेळीच्या गळ्यात बांधला. ॲपने शेळी ओळखली. मग त्याने तो एका बाईंना कमरेला बांधायला दिला. या बाई दोन गावं पलीकडून जंगलातला माल वेचून त्याच्याकडे आणायच्या. ठरलं असं की अर्धी नाणी फोनवाल्याची, अर्धी चालणारीची. बाईंची मुलगी तेव्हा बारावीला, मी शिकवायचो त्याच वर्गात होती. तिला चंद्रपूरला नर्सिंग करायचं होतं आणि फी नव्हती. मी साक्षीदार.

बाई हिवाळाभर चालल्या. जंगलात कव्हरेज नसलं तरी फोन पावलं मोजायचा. आठवडी बाजाराला आल्या की सगळी जमा व्हायची. चैत्रात नाणं बाजारात आलं. त्या दिवशी बाईंच्या अर्ध्या वाट्यात पहिल्या वर्षाची फी निघत होती. मी म्हटलं, विकून टाकू.

"सर, तुमी पुस्तकातले मानूस," मित्र म्हणाला. "चैतात मोह कोन विकते? तवा सारं जंगल विकून राह्यलं असते. झाकून ठेवा, श्रावनात काढा. धंदा मले नका शिकवू."

बाई म्हणाल्या, "ठेवलं तर मोहाले कीड लागते, भाऊ. याले नाई लागत?"

"याले कायची कीड, बाई! हवेतली चीज हाय."

मीही हसलो. त्याचा युक्तिवाद मला पटला होता, कारण त्याचं दुमजली घर त्यावरच उभं होतं: लोक चैत्रात त्याला मोह विकत आणि पावसाळ्यात तोच मोह त्याच्याकडून दुप्पट भावाने घेत. फक्त मोह पावसाळ्यात लोकांना लागतो. हे नाणं कोणालाच कशासाठी लागत नव्हतं, हे आम्हा दोघांच्या ध्यानात आलं नाही.

श्रावणात मोहाचा भाव चढला. नाण्याचा इतका उतरला की दोघांचे वाटे मिळून जेमतेम प्रवेश पक्का करण्याची रक्कम होत होती. मुलीचं नाव यादीत लागलं होतं आणि पैसे भरायला तीन दिवस उरले होते. मित्राने आपला वाटाही बाईंना देऊन टाकला. तोवर तो वाटा देणं परवडण्याइतका लहान झाला होता.

नाण्याचे रुपये करायचे तर आधी ते विक्रीच्या दुसऱ्या ॲपवर पाठवावं लागतं. पाठवायचे रस्ते तीन, प्रत्येकाचं भाडं वेगळं. मी सर्वांत स्वस्त रस्ता निवडला. बाईंचे चार पैसे वाचवल्याचं समाधानही मला वाटलं. विक्रीच्या ॲपवर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं की या रस्त्याने आलेला माल आम्ही घेत नाही. मी पुस्तकांच्या प्रस्तावनासुद्धा वाचणारा माणूस. ही ओळ वाचली नाही.

"गेले?" बाईंनी विचारलं.

"गेले."

अर्धा तास आम्ही दुकानात पोत्यांवर बसून राहिलो. मुलगी कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"मंग येऊन काऊन नाई राह्यले?" बाई म्हणाल्या.

मी मदतकेंद्राला लिहिलं. ताबडतोब उत्तर आलं की तुमची अडचण आम्ही समजू शकतो. पुढची चार उत्तरंही तीच आली.

"म्हंजे हायेत कुठी?"

"आहेत, बाई. हे बघा, इथे दिसतात. काढता येत नाहीत."

बाईंनी पडद्याकडे नीट पाहिलं. "आमच्या सागवानावानी," त्या म्हणाल्या. "दिसते. तोडता येत नाई."

मित्र मोठ्याने हसला. मग मुलीकडे लक्ष गेलं आणि तो पोती मोजायला उठला.

मी बाईंना म्हटलं, उद्या पैशांची काहीतरी सोय करतो. दुसऱ्या दिवशी करणार होतो, तिसऱ्या दिवशी बँकेला सुट्टी होती. खरं तर सुट्टी पहिल्या दिवशीही मला माहीत होती. यादीतलं पुढचं नाव वर सरकलं. फोन बाईंनी पुढच्या बाजारी परत आणून दिला, पुसून. त्यावर ॲपने त्यांचं अभिनंदन केलं होतं: या आठवड्यात तालुक्यात सर्वांत जास्त चाललेली व्यक्ती.

मुलगी आता चंद्रपुरात कापडाच्या दुकानात आहे. काम उभ्याने असतं. चालणं फारसं होत नाही.