गॉथिक रॉक आणि रावसाहेबमामांची हलगी

रावसाहेबमामांच्या घरात हलगीचं नाव काढायची सोय नव्हती. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेले हे माझे सख्खे मामा आता सोलापुरात बुधवार पेठेत राहतात. रस्त्यावरून हलगी वाजत चालली की उठून खिडकी लावून घेतात. त्याचं कारण सगळ्या भावकीला ठाऊक होतं. भीमेकाठच्या त्यांच्या गावात कुणी मेलं की तिरडीपुढं हलगी वाजवायचं काम आजोबांकडं होतं, आणि त्यांच्यासोबत पोरसवदा मामांकडं. काम कसलं, पाटलाची सक्तीच ती. मजुरीच्या नावानं शिळी भाकरी, वर शिव्या. एक दिवस आजोबांनी हलगी चुलीत घातली आणि आता आमच्यातलं कुणी वाजवणार नाही, असं गावाला तोंडावर सांगितलं. त्यापायी मरेस्तोवर मार खाल्ला. पुढं ते गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं. मामा म्हणायचे, बरं झालं.

अशा माणसाच्या पोटी प्रतिक्षा जन्मली. दिवसभर विमा कंपनीच्या ऑफिसात बसते आणि संध्याकाळी डोळ्यांत बोटभर काजळ घालून, काळे कपडे चढवून गिटार वाजवते. गॉथिक रॉक म्हणतात त्याला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, कोण गेलंय? तिला ते फारच आवडलं. तिच्या अल्बमचं नाव 'सुतक'. त्यासाठी तिनं काय काय गोळा केलं होतं! अक्कलकोटकडची सुंद्री, म्हणजे सनईची धाकटी बहीण. जोगतिणींचं चौंडकं. चर्चमधली जुनी पायपेटी. आर्मेनियाहून मागवलेला दुदुक नावाचा पावा, वासरू मेलेल्या गाईसारखा हंबरणारा. शेवटच्या गाण्याला मात्र तिला मयताची हलगी हवी होती, आणि तीही बापाच्या हातची.

मी विरोधात होतो, हे सांगून टाकतो. शाळेत इतिहास शिकवतो ना, जीभ चुरुचुरू चालते. म्हटलं, आजोबांनी मार खाऊन जे सोडलं ते तू हौसेपायी उचलणार? तर ती मलाच म्हणाली, "संघपालदादा, ताल काय पाटलानं बसवला होता का?" मी चिडलो. मामा तर तीन आठवडे तिच्याशी बोलले नाहीत.

मग एका रविवारी त्यांनी आपणहून अटी सांगितल्या. उभं राहून वाजवणार नाही, खुर्ची पाहिजे. अंगात कोट असणार. अल्बमवर पूर्ण नाव पाहिजे, आडनावासकट. प्रतिक्षानं लगेच सगळं कबूल केलं.

स्टुडिओ हिंदुरावचा. साखर पेठेतली एक खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना सोलापुरी चादरी ठोकलेल्या. एरवी तिथं निवडणुकीची गाणी होतात. कातडं ताणून बसायला हलगी जाळावर धरावी लागते, आणि हिंदुरावला चादरींची काळजी. शेवटी निळ्या कोटातले मामा बाहेर रस्त्याकडेला उकिडवे बसले आणि रद्दी पेटवून त्यांनी हलगी तापवली.

आत येऊन खुर्चीत बसले आणि वाजवायला लागले. पंचावन्न वर्षांत ज्यांनी हलगीला हात लावला नव्हता, त्यांची बोटं कुठं अडली नाहीत. चार मिनिटं झाली तसा काचेपलीकडून हिंदुरावनं हात वर केला, झालं या अर्थानं. मामांचा हात जागच्या जागी थांबला, काठी उचललेली तशीच राहिली. हिंदुराव खूश होता. मामांचा चेहरा मात्र उतरला होता.

त्यांनी हलगी मांडीवरून खाली ठेवली आणि आम्हाला कधीच न सांगितलेलं सांगितलं. गावात पाटलानं हात वर केल्याशिवाय वाजवणं थांबवायचं नाही, बोटं फुटली तरी. आणि हात वर झाला की तिथंच थांबायचं. बारा वर्षांचे असताना हात वर झाल्यावर त्यांच्याकडून एक ठोका जास्त पडला, तेव्हा पाटलानं बापादेखत कमरेत लाथ घातली होती.

"पंचावन वर्सं झाली," मामा म्हणाले, "ह्यो हात आजून त्येंचाच हाय."

आपलंच खरं झालं म्हणून मला क्षणभर बरं वाटलं, आणि मग स्वतःची लाज वाटली. प्रतिक्षा गिटार ठेवून त्यांना घरी न्यायला उठली. पण मामा हलले नाहीत. त्यांनी हलगी परत मांडीवर घेतली आणि हिंदुरावला म्हणाले, "पुन्यांदा लावा. आन् मगासारखाच हात वर करा."

हिंदुरावला काही कळलं नाही, पण त्यानं ऐकलं. चार मिनिटांनी त्याचा हात वर गेला. मामा त्याच्या डोळ्यांत बघत वाजवत राहिले. हात अवघडला तसा हिंदुरावनंच तो खाली घेतला. मामांच्या कोटाची पाठ भिजली, खुर्ची करकरायला लागली, आणि अकराव्या मिनिटाला त्यांना वाटलं तेव्हा ते थांबले.

हिंदुराव दबकत म्हणाला, काका, फार लांबलं, कापावं लागेल.

मामांनी रुमालानं मान पुसली. "कापायचंच आसंल तर पयली चार मिन्टं कापा. म्होरली सात माजी हायती."

प्रतिक्षानं तसंच केलं. 'सुतक'मधलं शेवटचं गाणं हात वर झाल्यापासून सुरू होतं.