भरतीची साडी

रेवदंड्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत साड्यांचं एक दुकान होतं. त्याची मागची खिडकी खाडीवर उघडायची. माझ्या लहानपणी, म्हणजे स्वातंत्र्य नवं होतं आणि पाचवारी गोल साडी त्याहून नवी होती त्या काळात, आम्हा चौलच्या बायकांचा एक कडक नियम होता. त्या दुकानात भरतीच्या वेळी पाऊल टाकायचं नाही.

भरती आली की पाणी थेट खिडकीखाली यायचं आणि त्यावरचं ऊन उसळून दुकानाच्या छतावर नाचायला लागायचं. छत, भिंती, पांढरी गादी, शेठची काळी टोपी, सगळं त्या उजेडात हळूहळू डुलायचं. आपण पाण्याच्या तळाशी बसलोय आणि साड्या वरून तरंगत खाली येताहेत, असं वाटायचं. तेव्हा गोणपाट पुढे टाकलं असतं तरी कुणीतरी त्याला पदर कसा आहे म्हणून विचारलं असतं. मोराच्या मानेचा रंग म्हणून हौसेनं घेतलेली साडी घरी उलगडली की शेवाळ निघायची. म्हणून आमच्या बायका तिथी बघून, ओहोटी धरून खरेदीला जायच्या. शेठही कच्चा नव्हता. ओहोटीला आलेल्या गिऱ्हाइकाला तो चहावर चहा पाजायचा आणि अधूनमधून खिडकीकडे बघायचा.

माझ्या धाकट्या आत्याचं लग्न ठरलं. सासर उरणच्या अंगाला, खाडीकाठी. नवऱ्या मुलाचा मचवा होता, मीठ आणि भात वाहायचा. सासरच्या साड्या सासू निवडणार, माहेरच्या माझी आई, पण एक साडी आत्यानं स्वतःच्या मनानं घ्यायची, एवढं आजोबांनी कबूल केलं होतं. त्या एका साडीपायी आत्या महिनाभर जागेपणीच झोपेत होती. तांदूळ निवडायला बसली की खडे ताटात ठेवायची आणि तांदूळ अंगणात टाकायची. कोंबड्या खूश होत्या.

आईनं माघातली षष्ठी धरली. सकाळी ओहोटी, दुपारच्या आत घरी, असा बेत. आम्ही तिघी चालत निघालो. पोचलो तेव्हा खिडकीबाहेर नुसता चिखल होता आणि दुकानात सरळ, खरा, कंटाळवाणा उजेड.

शेठ साडी दाखवायचा म्हणजे नेसायचाच. निऱ्या हातात धरून, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून, मान अशी तिरकी करायचा की मिशा नसत्या तर आम्ही त्यालाच नवरी म्हणून पसंत केलं असतं. "जुओ बेन, जुओ तो खरा," बघा तरी, असं गुजरातीत म्हणत तो साडीमागून साडी अंगावर घेत होता. आत्याला एकही पसंत पडेना. हिचा काठ जाड, तिचा पदर भुंडा. एक धूपछाव साडी तिनं दोनदा हातात घेऊन ठेवली, तेव्हा आई म्हणाली, ही तर निवटी. निवटी म्हणजे ओहोटीला चिखलात उड्या मारणारा मासा. रंग अगदी तोच होता, नाही म्हणायला जागाच नव्हती.

तेवढ्यात आत्यानं मला चिमटा काढला. मी जन्माची नाटकी. पोटात आग पडली म्हणून असा काही चेहरा केला की शेठनंच भाकरी सोडायला जागा करून दिली. मग मला पाणी हवं झालं, मग आत्याला आधीचे गठ्ठे पुन्हा बघावेसे वाटले. आईला काय ते समजेपर्यंत खिडकीखाली लाट डुचमळली आणि छतावर पहिला कवडसा थरथरला.

शेठनं ती धूपछाव साडी पुन्हा खांद्यावर घेतली. हिरव्यातून निळं निघालं, निळ्यातून जांभळं, आणि पदराच्या टोकाला सोनं चमकून विझलं. शेठ स्वतःच्या खांद्याकडे बघत राहिला.

"हीच," आत्या म्हणाली.

आईनं तिला बाजूला घेतलं. "अगं, हा भरतीचा रंग हाय. घरी गेलीस की निवटी."

"म्हाईत हाय वयनी. तरी हीच."

आजोबांनी शब्द दिलेला होता. साडी आली. वाटभर आई पुढे झपाझप चालली आणि आत्या पुडकं छातीशी धरून हवेतून चालत होती. घरी साडी उलगडली, तर निवटी. शेजारणी एकमेकींकडे बघून हसल्या. आत्याही हसली, पण वेगळंच.

लग्नानंतर फाल्गुनात आम्ही तिच्या सासरी गेलो. दार खाडीकडे, समोर चिखल, पलीकडे मिठागरं. आत्या तीच साडी नेसून पाय धुवायला पाणी घेऊन आली. आईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. इतके दिवस जपून ठेवलेलं वाक्य तिला अखेर बोलता आलं.

"झाली का न्हाय निवटी?"

"झाली की," आत्या म्हणाली. "पण वयनी, आता बघायला कोन हाय? ह्यांचा मचवा भरतीशिवाय दाराला लागतच न्हाय."

चहा झाला, गप्पा झाल्या. माझा डोळा लागला असावा, कारण जागी झाले तेव्हा ओटीचं छत हलत होतं. खाडी उंबऱ्यापर्यंत आल्यासारखी वाटत होती आणि दूर पाण्यावर एक शीड हळूच घराकडे वळत होतं. दारात आत्या उभी होती, हिरवी, निळी, जांभळी.

आई उठली. तिनं आत्याचा पदर खांद्यावरून सोडवला, पुन्हा नीट लावला आणि सोनेरी टोक उजेडाकडे काढून ठेवलं.

"हितं उभी ऱ्हा," ती म्हणाली, "हितं ऊन पडतंय."