उपाशीपोटीची गोळी

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात औषधशास्त्र शिकताना माझ्या वाट्याला संधिवात आला. माझा नव्हे, उंदरांचा! मागच्या पायात सुई टोचून सांधा सुजवायचा, औषध पाजायचं, सूज उतरते का बघायचं. पायावर शाईची रेघ मारायची, तिथपर्यंत तो नळीतल्या पाऱ्यात बुडवायचा; पारा जितका वर चढेल तितकी सूज. मला मेली उंदरांची भारी किळस. त्यांना धरायचे ते प्राणिघरातले शिपाईमामा.

मामा जुने पैलवान. आखाड्यात गुडघे कामातून गेलेले, त्यात हल्ली पित्त खवळलंय म्हणून सारखे पोट चोळायचे. पण त्या दांडग्या पंजात पांढरा उंदीर असा निवांत बसायचा की मी बघतच राहायचे. "दाबायचं न्हाय बाई, नुसतं धरायचं," म्हणायचे.

एका सकाळी त्यांनी हाक मारली. "आवो बाई, पळा! ह्यो उबा ऱ्हायला की!"

कालपर्यंत पाय ओढणारा उंदीर मागच्या दोन पायांवर उभा राहून बाटलीचं पाणी पीत होता. काय सांगू! चिमूटभर पूड, आणि लंगडं जनावर उभं! माझ्या अंगावर काटा आला. मामांनी तर हातच जोडले. मग खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. त्यांच्या गुडघ्यांना दवाखान्यातनं तेच औषध होतं.

"कधी घ्यायचो, कधी न्हाय. आता नेमानं घेतो," म्हणाले.

प्रयोग संपला त्या दिवशी आम्ही उंदरांची पोटं उघडली. पायांची सूज छान उतरली होती. पण ज्यांना उपाशीपोटी औषध दिलं होतं, त्यांच्या जठरात लाल-काळ्या जखमा. मी बघत राहिले आणि एकदम आठवलं, आज शनिवार. मामांचा मारुतीचा कडक उपास, लहानपणापासूनचा. दिवसभर फक्त कोरा चहा.

त्यातलं एक जठर ताटलीत घेऊन मी धावतच गेले. "मामा, आज गोळी घेतली?"

"व्हय की. च्याबरोबर."

"उपाशी? अक्कल गहाण टाकलीय काय? हे बघा, हे चाललंय तुमच्या पोटात!"

बापाच्या वयाच्या माणसावर ओरडले आणि मलाच रडू फुटलं. मामांनी ताटली हातात घेतली.

"एवढंसं जित्राब," ते म्हणाले, "आपलं पोट फाडून मला सांगतंय व्हय."

दुपारीच त्यांना दवाखान्यात नेलं. जखम होती, पण वेळेत सापडली. डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि उपासही.

पुढच्या शनिवारी मामा नव्या उंदरांच्या पिंजऱ्यासमोर फडकं सोडून बसले होते. भाकरी मोडली. "मारुतीला सांगून आलोय," म्हणाले. "पैला घास मातूर ह्यांचा." आणि तुकडा जाळीतून आत सरकवला.

प्राण्यांना नेमलेल्या खाण्याखेरीज काही द्यायचं नाही, असा आमचा सक्त नियम. मी, एवढी तोंडाळ, पण गप्प उभी राहिले.