आबाजींचं जहाजावरचं नाव

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या गावच्या शाळेत झेंडावंदनाला लढाईवर जाऊन आलेल्या माणसांना समोर बोलावलं होतं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून परतलेले दोघे पदकं लावून आले होते. गुरुजींनी त्यांना झेंडूचे हार घातले आणि मग माझ्या आबाजींना, म्हणजे वडिलांच्या वडिलांना, हाक मारली. आबाजी सगळ्यांच्या मागे धोतराचा सोगा खांद्यावर टाकून उभे होते. पहिल्या मोठ्या लढाईत ते जहाजावर होते हे गावाला माहीत होतं. समुद्र ओलांडला म्हणून परत आल्यावर त्यांना जातीला जेवण घालावं लागलं होतं, हेही माहीत होतं. पण त्यांनी नुसता हात हलवून नाही म्हटलं आणि हार गुरुजींच्या हातातच राहिला.

गोंदियाजवळच्या मुर्रीच्या पलीकडे आमचं गाव. गोंदियाच्या मालधक्क्यावर मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. त्या वयात घरातला मान कुणी असा नाकारला की राग येतो. घराकडे चालताना मी विचारलं, "आबाजी, तुमी काऊन नाई गेले समोर?"

"माह्या नावानं मी कोठं गेल्तो," ते म्हणाले. "दुसऱ्याचं नाव होतं. त्याचा हार मी कायले घालू?"

मी थांबलो. ते थांबले नाहीत.

पुढच्या महिनाभरात, धानाचं निंदण चालू असताना, बांधावर बसून त्यांनी मला ती हकीकत तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. कधी दोन वाक्यं सांगून बांध फोडून पाणी सोडायला उठून जायचे आणि परत आल्यावर भलतंच बोलायचे. मी जुळवत गेलो.

तरुणपणी ते गोंदियाच्या इंजिन शेडमध्ये कोळसा मारत. भावाशी भांडून एका मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये बसून कलकत्त्याला गेले. तिथे खिदिरपूरच्या गोदीजवळ खलाशांची राहण्याची घरं होती. तशा एका घरात त्यांना एक सारंग भेटला. सारंग म्हणजे जहाजाच्या भट्टीवर काम करणाऱ्या आगवाल्यांचा मुकादम. हा सिल्हटकडचा मुसलमान, वयस्कर माणूस. त्याचं जहाज निघायला आलं होतं आणि त्याच्या टोळीतला एक जण, त्याचा सख्खा पुतण्या, तापानं फणफणला होता. टोळी पुरी भरली नाही तर साहेब दुसरा सारंग बघणार. आबाजींचे खांदे बघून सारंगानं विचारलं, कोळसा मारता येतो का. येतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते पुतण्याच्या नावानं जहाजावर चढले.

"डर नाई वाटला?" मी विचारलं.

"वाटला ना. त्या नावानं आवाज दिला का मी वळून पाहत नव्हतो. सारंग पाठीत धपाटा घाले. म्हने, तुलेच बलावून राहिले."

सुरुवातीला सारंगानं त्यांच्यासाठी भाताचं वेगळं पातेलं ठेवलं होतं. हिंदूचं पोर आहे, परत गेल्यावर त्याला घरात घेतलं पाहिजे, असं तो म्हणायचा. एकदा वादळात ते पातेलं कलंडून कुठच्या कुठे गेलं. त्या दिवशी सगळे एका परातीभोवती बसले आणि आबाजीही बसले. भात होता, मासळी होती. आपल्याकडे असतं तसंच, तिखट फक्त जास्त. सारंगाच्या गावीही धानच होतं. भट्टीसमोर उभं राहून तो आबाजींना विचारायचा, तुमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, कधी, पाणी किती दिवस उभं राहतं. त्याच्याकडे पुराच्या पाण्यासोबत वाढत जाणारं धान होतं, नावेत बसून कापायचं. आबाजींना ते शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

जहाज बुडालं तो भाग त्यांनी एकदाच सांगितला. त्यांची पाळी संपली होती. घामानं ओलं अंग घेऊन ते उघडेच वर निघाले, तर सारंग ओरडला, सदरा घाल, वर गारठा आहे. सदरा अंगात घालत ते शिडी चढले आणि तेवढ्यात पाणबुडीच्या पाणतीराचा तडाखा बसला. खाली आगवाले होते. सारंग मधल्या शिडीवर होता, त्याला वर येता आलं असतं. तो खाली गेला. आबाजींना कुणीतरी होडीत ओढलं. दुसऱ्या जहाजानं उचललं, मग मिसरच्या इस्पितळात बरेच महिने, मग मुंबई आणि तिथून रेल्वेनं थेट गोंदिया. कलकत्ता वाटेत आलंच नाही.

"त्या पुतन्याले कोनी सांगलं का नाई, ठाऊक नाई," ते म्हणाले. "कागद लिवता येत नव्हता. मंग लगन झालं, शेती आली. मंग तिकडं हिंदू-मुसलमानाची कापाकापी झाली, तवा वाटलं, आता तो का राह्यते तेथं."

मला रेल्वेचा पास होता. पोळा झाल्यावर मी आबाजींचं तिकीट काढलं आणि आम्ही कलकत्त्याच्या मेलमध्ये बसलो. घरी सांगितलं, गंगास्नानाला जातो. ते आम्ही केलंही.

खिदिरपूरला त्यांची खलाशांची कोठी सापडली, पण तिथे लाकडाची वखार झाली होती. वखारवाल्याला काही माहीत नव्हतं. समोरच्या चहावाल्यानं मशिदीमागच्या गल्लीकडे बोट दाखवलं. तिथे दोन-तीन जुने जहाजी राहतात, म्हणाला. गल्लीत शिरलो तर एका ओट्यावर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा स्टोव्ह दुरुस्त करत बसला होता. आबाजींनी त्याला एक नाव सांगून विचारलं, हा माणूस कुठे राहतो.

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "मैं ही हूँ. क्या काम है?"

आबाजी म्हणाले, "मैं भी वही हूँ. जहाज पर."

म्हाताऱ्याच्या हातातली पिन खाली पडली. तो उठला, आबाजींच्या जवळ आला आणि डोक्यापासून पायापर्यंत त्यांना बघत राहिला. मला वाटलं, आता हा मारतो की काय. पण त्यानं आबाजींचा दंड धरला आणि स्वतः बसला होता त्या पोत्यावर त्यांना बसवलं.

मग त्याची बाजू आम्हाला कळली. बुडालेल्यांच्या खबरीत त्याचंही नाव होतं; त्या नावाचा माणूस वाचला हे कलकत्त्याच्या कागदावर कधी चढलंच नाही. गावी त्याच्या आईनं रडून घेतलं, मेलेल्यासाठीचा फातिहाही झाला. लांबलेला ताप उतरल्यावर हा जिवंत घरी पोचला तेव्हा आई आनंदानं वेडी झाली, पण काकी दारात उभी राहून एकच विचारत होती, माझा माणूस कसा गेला? याला काय ठाऊक? काका बुडाला आणि हा दुसऱ्याला पाठवून घरी राहिला, असं लोक बोलू लागले. तो परत कलकत्त्याला आला. कागदावर बुडालेल्या माणसाला जहाजावर पुन्हा काम मिळालं नाही. आधी खलाशांच्या कोठीत स्वयंपाकी झाला, मग हे स्टोव्ह. फाळणीत त्याचं गाव पलीकडे गेलं.

"अब बोलो," तो म्हणाला. "मेरा चाचा कैसे गया?"

आबाजींनी सांगितलं. मला शेताच्या बांधावर सांगितलं होतं त्यापेक्षा खूप सावकाश. शिडी कशी होती, किती अरुंद होती, खाली कोण कोण होते, सारंगानं कठड्यावरचा कोणता हात आधी सोडला. मी इतकं ऐकलं नव्हतं. शेवटी म्हाताऱ्यानं विचारलं, "कुछ कहा था उन्होंने? आखिर में?"

मला वाटलं आबाजी काहीतरी चांगलं सांगतील; मी असतो तर सांगितलं असतं.

"कहा था, कमीज पहन, ऊपर ठंडा है."

म्हातारा आधी हसला. चाचा असंच ओरडायचा, म्हणाला. मग त्यानं उपरणं तोंडावर धरलं. आबाजी त्याच्या पाठीवर हात ठेवून रस्त्याकडे बघत होते. मी उगाच खाली पडलेली पिन शोधत बसलो.

दुपारी आम्ही त्याच्याकडेच जेवलो, भात आणि रोहूचं कालवण. निघताना तो म्हणाला की काकी गेली, पण चाचाची मुलगी आहे, तिला जाऊन सांगतो. पासपोर्ट लागेल, काढतो. इतक्या वर्षांत गावी तोंड दाखवलं नव्हतं, आता सांगायला काहीतरी आहे.

घरी आल्यावर आबाजींनी आजीला सगळं सांगितलं, नावासकट. लग्नाच्या आधीची गोष्ट, पण तिला आजवर कळली नव्हती. बाबा अस्वस्थ झाले, जातीत कळलं तर, असं काहीतरी म्हणू लागले. आजी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "त्याच्या घरी जेवले का?"

"जेवलो."

"मंग त्याले बलावा ना इकडं. आपन का कोनाचं खाऊन तसेच बसतो?"

तो आला, पुढच्या साली, दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या, दिवसांत. गाव दंडारीच्या नाच-सोंगांच्या नादात होतं, त्यामुळे पाहुण्याची फारशी चौकशी झाली नाही. कुणी नाव विचारलं तर आबाजी मोठ्यानं सांगत, अगदी स्वतःचं सांगावं तसं. तो सिल्हटला जाऊन आला होता. चाचाच्या मुलीनं सगळं दोनदा सांगायला लावलं, म्हणाला, आणि दुसऱ्यांदा सांगताना सगळ्या घराला बोलावून बसवलं. त्या दिवसापासून गावात त्याला कुणी पळपुटा म्हणालं नाही.

चार दिवस तो आमच्याकडे राहिला. आमच्या धानाची लोंबी हातावर चोळून बघे आणि त्यांच्याकडचं धान माणसाहून उंच होतं असं सांगे. आबाजी म्हणत, झूठ. मग दोघं भांडत. ती भाषा धड हिंदी नव्हती, बंगाली नव्हती, आमची तर नव्हतीच. आजी घरातून विचारायची, "का बोलून राहिले रे ते?" मला अर्धंच समजायचं, तेवढं मी तिला सांगायचो.