कोणतं झाड ठेवायचं

सासऱ्यांनी झाडं तोडायला आरेवाल्याला शुक्रवारी बोलावलं, म्हणून आरती गुरुवारीच अमरावतीला निघाली. वरुडजवळच्या त्यांच्या संत्राबागेला डिंक्या लागला होता. बुंध्याची साल फुटून डिंक गळत होता, पानं पिवळी पडत होती. त्यात दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. उरलेलं पाणी जेमतेम अर्ध्या झाडांना पुरलं असतं.

"कोणत्या अर्ध्यांना?" आरतीनं विचारलं होतं. सासऱ्यांना, सूर्यभानजींना, ते ठरवता येईना. म्हणून सगळीच तोडायची, असं ठरलं.

आरती वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. डिंक्यावर मोरचूद-चुन्याचा बोर्डो मलम लावायचा, हे तिला ठाऊक होतं, आणि साऱ्या गावालाही. पण कोणत्या झाडाला लावून उपयोग आणि कोणतं आधीच हातचं गेलेलं, हे कोणी सांगत नव्हतं. कृषी केंद्रवाला सगळ्याच झाडांसाठी औषध द्यायला तयार होता. शेवटी मोबाइलवर तिला नेमका यावरचा शोधनिबंध सापडला. गोषवाऱ्यात लिहिलं होतं: साल किती घेरात कुजली, यावरून झाड वाचेल की नाही ते ठरवता येतं. किती घेरात, ते मात्र आतल्या पानांवर. आत जायला डॉलर लागत होते.

अमरावतीच्या ज्या वाचनालयाची ती कॉलेजपासून सभासद होती, त्यानं अशा नियतकालिकांची ऑनलाइन वर्गणी भरली होती. सभासदांना वाचन फुकट, पण वाचनालयातल्याच संगणकावर.

संगणक होता. चालू पंख्याखाली होता. समोरच्या खुर्चीवर कोणाचा तरी हातरुमाल, निळी दस्ती, पसरली होती.

"ताई, तिथं नका बसू," स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा म्हणाला. "जागा धरलेली हाय."

एसटीच्या खिडकीतून दस्ती टाकली की सीट आपली, हा कायदा वाचनालयातही चालत होता.

"माणूस कुठं हाय?"

"येते तो."

"कधी?"

शेजारचा हसला. "दिवाळीपासून आमी दस्तीच पाहून राहिलो. माणूस काई दिसला नाही बा."

आरतीनं दस्ती उचलून टेबलावर ठेवली. "पाहा बा, आज त्याची उचलली, उद्या आमची उचलतीन," मागून कोणीतरी म्हणालं.

ग्रंथपाल किसनराव चष्मा पुसत आले. "बसा ताई, पण पासवर्ड सचिवसाहेबांजवळ असते."

"साहेब कुठं हायेत?"

"धामणगाव रेल्वेले. साळ्याच्या पोरीचं लगन हाय. सोमवारी या ना."

"सोमवारी झाडं नसतीन. फोन लावा."

"लग्नात माणसाले पासवर्ड मागाव का?"

"मागा."

किसनरावांनी नाइलाजानं फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता. पंगत उठली की पाठवतो, असं उत्तर आलं. कोणाची पंगत, कितवी, ते साहेबांनी सांगितलं नाही.

दुपारी नवऱ्याचा, विपुलचा फोन आला. "आरेवाला आजच आला."

"उद्याचं ठरलं होतं ना?"

"त्याचा टॅक्टर आज रिकामा हाय. उद्या दुसरीकडं जाते म्हणते. बाबांनी हो म्हटलं."

"थांबवा त्याईले. मी आजच येतो."

"मी का सांगून थांबवू? तुले तरी माहीत हाय का, कोणतं ठेवाचं ते?"

पंगत उठली तेव्हा उन्हं कलली होती. पासवर्डचा संदेश आला, पान उघडलं. निम्म्याहून कमी घेरात साल कुजलेली झाडं माती उकरून, साल खरवडून, मलम लावल्यास बहुतेक सावरतात. निम्म्याच्या वर गेलेली क्वचितच. सगळं एका ओळीत मावत होतं. तिनं विपुलला फोन लावला. वाजत राहिला. सासऱ्यांना लावला. तोही वाजत राहिला. एसटीतही ती लावतच होती.

ती बागेत पोचली तेव्हा झाडांच्या दोन रांगा आडव्या पडल्या होत्या. तिनं हात करून आरा बंद करवला आणि निबंधातली ती ओळ सांगितली.

"बस? एवढंच होतं?" सूर्यभानजी म्हणाले. "हे तं फोनवर सांगता आलं असतं, बाई."

"फोन उचलला कोणी?"

विपुलनं फोन खिशातून काढून पाहिला. "आऱ्याच्या आवाजात ऐकू नाही आला."

आरती पहिल्या खुंटाशी बसली. माती उकरली, खुंटाभोवती सुतळी फिरवली. घेर तीन विती भरला; कुजलेला पट्टा जेमतेम वीतभर होता.

"हे जगलं असतं," ती म्हणाली.

"आता त्याचं का करतं," सूर्यभानजी म्हणाले. "उभं हाय ते पाह्य."

आरेवाल्यानं टॅक्टरला टेकून तंबाखू मळायला घेतली. "मंग मी का करू? बसू का जाऊ?"

आरती खुंटापासून उठली. तिनं उभ्या झाडांतल्या पहिल्याची माती खुरप्यानं ओढली, साल खरवडली, सुतळी फिरवली. साल जवळजवळ सगळ्या घेरात कुजली होती. तिनं दुसऱ्यांदा मोजून पाहिलं.

"हे तोडा," ती म्हणाली आणि पुढच्या झाडापाशी गेली.